आधी नकाशा, मग सळई

सगळ्यात आधी एक कबुली. माझं शिक्षण बालवाडीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी विषय होता, पण तो पास होण्यापुरता. त्यामुळे ‘मराठी विभागासाठी लेख दे’ असं मॅडमनी सांगितलं तेव्हा माझ्या रूममेट्स बराच वेळ हसत होत्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका प्रूफ तपासणाऱ्यांनी सांभाळून घ्याव्यात. विषय मात्र माझा आहे. तो मला पुस्तकातून नाही, आईच्या घरातून मिळाला.

आमच्या सिव्हिलच्या वर्गात आर्किटेक्ट लोकांवर जोक सांगायची जुनी पद्धत आहे. आर्किटेक्टला कॉलम दिसला की त्याच्या पोटात दुखतं, तो कॉलम दोन फूट सरकवतो, आणि मग आपण रात्रभर जागून बिल्डिंग उभी ठेवतो, वगैरे वगैरे. थर्ड इयरपर्यंत मीही हे जोक सांगत होते. भूकंपापासून इमारत वाचवणं म्हणजे आपलं काम, किती व्यासाची सळई आणि किती अंतरावर रिंग, एवढंच माझ्या डोक्यात होतं. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या घराचा नकाशा समोर आला आणि माझी चांगलीच गोची झाली. त्या घराकडे येण्याआधी थोडं मागे जावं लागेल.

आईचं माहेर लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. किल्लारी याच तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चार वाजायला काही मिनिटं होती. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, लोक उशिरा येऊन झोपलेले. भूकंपाची तीव्रता होती ६.२. जगाच्या मानाने हा काही राक्षसी आकडा नाही. जपानमध्ये एवढ्या धक्क्याने बऱ्याचदा फक्त कपाटातल्या बरण्या पडतात. इथे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. माझे आजोबा त्यातले एक. आई तेव्हा चौदा वर्षांची होती. ती आणि मामा अंगणात बाजेवर झोपले होते म्हणून वाचले. आजोबा आत, भिंतीच्या कडेला.

ती भिंत कशी होती हे मी आईला, आजीला आणि मामाला वेगवेगळं विचारलं आणि तिघांनी एकच वर्णन केलं. दोन-अडीच फूट जाड. बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये दगडांचे तुकडे आणि माती. सिमेंट नाही, चुना नाही, सगळी जुळणी मातीत. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. पावसाळ्याच्या आधी छत गळू नये म्हणून दरवर्षी त्यावर आणखी माती टाकायची. आजी सांगते, ‘तुझे आजोबा स्वतः घमेली वर नेऊन द्यायचे.’

आता इंजिनिअरच्या नजरेने बघा. भूकंपात इमारतीला वरून कोणी ढकलत नाही. जमीन सरकते, पाया तिच्याबरोबर सरकतो, आणि वरचं वजन मात्र जागेवरच राहायला बघतं. उभ्याने एस.टी.चा प्रवास केलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. गाडी हिसका देऊन सुटली की पाय पुढे जातात आणि आपण मागच्या काकांच्या अंगावर. वजन जेवढं जास्त, तेवढा हा हिसका मोठा. म्हणजे दरवर्षी चढवलेली ती माती छत गळू देत नव्हती हे खरं, पण भूकंपाचा भारही वर्षावर्षाला वाढवत होती. आणि खालची भिंत म्हणजे खरं तर एक भिंत नव्हतीच, दोन पातळ भिंती शेजारी शेजारी उभ्या होत्या. एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत आरपार जाणारा लांब दगड मध्ये मध्ये घातला असता, तर त्या एकमेकींना धरून राहिल्या असत्या. तो नव्हता. हलल्यावर दोन्ही बाजू फुगल्या, सुटल्या आणि दगडांचा ढिगारा झाला. कोपऱ्यातसुद्धा भिंती एकमेकींत गुंफलेल्या नव्हत्या. कागदाच्या खोक्याच्या चारही कडा चिकटवलेल्या असतील तर ते उभं राहतं, कडा सुट्या असतील तर नुसते चार पुठ्ठे. दाराच्या चौकटीच्या वर, घराला फेरा मारून जाणारा एक काँक्रीटचा किंवा लाकडाचा पट्टा असता तरी कडा धरल्या गेल्या असत्या.

इथे तुम्ही म्हणाल, यात आर्किटेक्ट कुठे आला? गावात कोणीच नव्हता. गवंडी होता आणि बापजाद्यांची पद्धत होती. पण तीच तर गंमत आहे. भिंत किती जाड, छत किती जड, दारं कुठे, खोल्या कशा जोडायच्या, हे सगळे आर्किटेक्टचेच निर्णय, फक्त ते कोणी कागदावर काढले नव्हते. आणि ते निर्णय मूर्खपणाचे मुळीच नव्हते. मे महिन्यात मराठवाड्यात दुपारी बाहेर उभं राहून बघा, जाड भिंतीचं आणि मातीच्या छताचं महत्त्व पाच मिनिटांत कळेल. त्या घरांनी उन्हाचा प्रश्न उत्तम सोडवला होता. भूकंपाचा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. सरकारी नकाशातसुद्धा तो भाग तेव्हा झोन एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढे २००२ च्या नकाशात झोन एक हा प्रकारच बंद झाला आणि किल्लारीचा परिसर झोन तीनमध्ये गेला.

किल्लारीत आर्किटेक्ट नव्हते म्हणावं, तर आठ वर्षांनी अहमदाबादला होते. २६ जानेवारी २००१, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटं. भूकंप भूजजवळ, तीव्रता ७.७. अहमदाबाद तिथून दोनशे किलोमीटरहून लांब. एवढ्या अंतरावर धक्का बराच मवाळ झाला होता. तिथे जमिनीवर नोंदला गेलेला जोर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण एक-दशांश होता. आर.सी.सी.च्या नीट बांधलेल्या इमारतीला हा सहज झेपायला हवा. तरीही शहरात शंभराहून अधिक इमारती कोसळल्या आणि सातशेहून अधिक माणसं गेली. दगड-मातीची नव्हेत, आपल्या-तुमच्यासारख्यांची फ्लॅटवाली घरं. खाली पार्किंग, वर चार मजले. काही तर दहा मजल्यांची.

आमच्या सरांनी प्रोजेक्टरवर त्या इमारतींचे फोटो दाखवले तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला होता. वरचे मजले जवळजवळ अखंड, खिडकीला पडदेसुद्धा तसेच, आणि तळमजला गायब. बिल्डिंग जणू गुडघ्यावर बसलेली. कारण समजायला सोपं आहे. वरच्या मजल्यांवर फ्लॅट असतात, म्हणजे विटांच्या भिंती असतात. आपण कॅलक्युलेशनमध्ये त्या फक्त वजन म्हणून धरतो, पण त्या भिंती मजल्याला चांगल्याच ताठ करतात. खाली पार्किंग हवं म्हणून तिथे भिंत नाही, नुसते कॉलम. वरचा भाग एका ट्रंकेसारखा कडक, खालचे पाय लवचिक. हॉस्टेलमध्ये डुगडुगणाऱ्या स्टुलावर पुस्तकांनी भरलेली ट्रंक ठेवा आणि स्टूल हलवा. ट्रंकेला काही होत नाही. सगळा ताण स्टुलाच्या पायांत, आणि नेमका पाय जिथे जोडलेला असतो तिथे. भूकंपात इमारत जेवढी वाकायची असते, तेवढी सगळी एकाच मजल्यात वाकते. याला ‘सॉफ्ट स्टोरी’ म्हणतात, परीक्षेत चार मार्कांना हमखास येतं.

अहमदाबादमध्ये याच्या जोडीला आणखी एक भानगड होती. बांधकामाच्या नियमांत तळमजल्याच्या हद्दीबाहेर वरचे मजले चार-पाच फूट पुढे काढता येत होते. तेवढीच जागा जास्त विकता येणार, मग कोण सोडतो? मग वरच्या मजल्यांचे बाहेरच्या कडेचे कॉलम कुठे टेकवायचे? खाली तर रस्ता किंवा मार्जिन. म्हणून ते पुढे आलेल्या बीमच्या टोकावर टेकवले. म्हणजे चौथ्या मजल्यावरून निघालेला कॉलम पहिल्या मजल्यापर्यंत येतो आणि तिथे हवेत संपतो. त्याला तरंगता कॉलम म्हणतात. एरवी, काही हलत नसताना, तो उभा राहतो. वीस वर्षंसुद्धा राहील. पण भूकंपाचा जोर छतापासून पायापर्यंत सरळ उतरायला रस्ता लागतो, आणि हा रस्ता मध्येच तुटलेला.

आता खरा प्रश्न. यात चूक कोणाची? सळई कमी होती, रिंगा लांब लांब होत्या, काँक्रीट खराब होतं, गच्चीवर नंतर टाक्या चढवल्या, हे सगळं ठिकठिकाणी होतंच. पण तळमजला पोकळ ठेवायचा, वरचं पुढे काढायचं, जिना आणि लिफ्ट एका कोपऱ्यात घालायची, हे इंजिनिअरच्या टेबलावर कागद येण्याआधीच ठरलेलं होतं. अमेरिकेतले हेन्री डेगनकोल्ब नावाचे मोठे स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणत असत की इमारतीची मांडणीच मुळात वाईट असेल तर इंजिनिअर फक्त मलमपट्टी करू शकतो, आणि मांडणी चांगली असेल तर सामान्य इंजिनिअरसुद्धा तिचं फारसं नुकसान करू शकत नाही. हे वाचलं तेव्हा आमच्या वर्गातल्या निम्म्या जोकांची हवा निघाली. (सामान्य इंजिनिअर म्हणजे कोण, हे मी रिझल्टच्या दिवशी सांगेन.)

अहमदाबादनंतर आपल्या कोडमध्ये बदल झाले. आय.एस. १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीने सांगितलं की तळमजला असा पोकळ ठेवायचाच असेल तर त्या मजल्याचे कॉलम आणि बीम अडीच पट जोरासाठी डिझाइन करा. २०१६ मध्ये त्याहून पुढे जाऊन, अशा इमारतीत काँक्रीटच्या उभ्या भिंती किंवा तिरपे आधार द्यायला सांगितलं. त्याआधी उभ्या राहिलेल्या हजारो स्टिल्ट पार्किंगच्या इमारती मात्र जशाच्या तशा आहेत. आमची पुण्यातली सोसायटी १९९८ ची. मी आता खाली स्कूटी लावताना कॉलम मोजते, आणि बाबा म्हणतात, ‘पुरे आता, वर ये.’

मांडणीचा परिणाम किती होतो याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण निकाराग्वातलं आहे. राजधानी मनाग्वामध्ये २३ डिसेंबर १९७२ ला भूकंप झाला. तिथे अगदी जवळजवळ दोन बँकांच्या उंच इमारती होत्या. धक्का एकच, माती तीच. बांको सेंट्राल पंधरा मजल्यांची. तिचे जिने आणि लिफ्टचे खांब सगळे एका टोकाला, बाकीची जागा मोकळी ऑफिसं. वरच्या मजल्यांवर दर्शनी भागात बारीक बारीक भरपूर कॉलम, दिसायला छान, पण ते खाली आल्यावर थोड्याच मोठ्या कॉलमवर टेकवलेले. दुसरी बांको दे अमेरिका, अठरा मजल्यांची, म्हणजे आणखी उंच. तिचा गाभा बरोबर मध्ये, चारही बाजूंनी सारखा. इंजिनिअर होते टी. वाय. लिन. त्यांनी मधला गाभा चार वेगळ्या नळ्यांसारखा केला आणि त्यांना मजल्यामजल्यावर छोट्या बीमनी जोडलं. हेतू असा की मोठा धक्का आलाच तर आधी हे छोटे बीम तडकतील, त्यात जोर जिरेल आणि चारही भाग थोडे मोकळे होऊन डुलतील. झालंही तसंच. तिथले जोड-बीम तडकले, इमारत उभी राहिली आणि थोड्या दुरुस्तीनंतर वापरात आली. बांको सेंट्रालला जबरदस्त पिळा बसला, आतलं सगळं उद्ध्वस्त झालं.

पिळा का बसतो हे समजायला दार डोळ्यांपुढे आणा. दाराची एक कड बिजागरीने धरलेली, दुसरी मोकळी. मध्यावर ढकललं की दार सरळ सरकत नाही, फिरतं. इमारतीचा ताठ भाग एका कडेला असेल तर ती कड बिजागरी होते, आणि वजन तर सगळीकडे पसरलेलं असतं. मग मोकळ्या कडेच्या कॉलमना सगळ्यात जास्त पळावं लागतं आणि तेच आधी मोडतात. चौकातल्या कोपऱ्यावरच्या दुकानांच्या इमारती आठवा. रस्त्याच्या दोन बाजूंना शटर, मागच्या दोन बाजूंना गच्च विटांच्या भिंती. बिजागरी तयारच.

आणखीही गोष्टी आहेत, त्या भरभर सांगते. आडवा-उभा एल आकाराचा प्लॅन असेल तर दोन हात वेगवेगळ्या तालात हलतात आणि आतला कोपरा फाटतो. तिथे मुळातच फट ठेवून दोन इमारती केल्या तर प्रश्न मिटतो. पण फट पुरेशी हवी, नाहीतर शेजारी एकमेकांवर आपटतात. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटीत हे भरपूर झालं. तिथे तर भूकंप साडेतीनशे किलोमीटरहून लांबचा, पण शहराचा मधला भाग जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर. तो गाळ साधारण दोन सेकंदांच्या तालात डुलला आणि ज्या इमारतींचा स्वतःचा ताल त्याच्याशी जुळला, म्हणजे साधारण सहा ते पंधरा मजल्यांच्या, त्यांचे हाल झाले. त्याहून बुटक्या बऱ्याच वाचल्या. मजले किती, हाही आधी नकाशातच ठरणारा आकडा.

एक मात्र नीट सांगायलाच हवं, कारण ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. बाथरूमच्या ओळीत वरच्या बाजूला उजेडासाठी लांब पट्टी सोडलेली असते बघा, खाली छातीच्या वर येईल एवढी भिंत. त्या भिंतीने कॉलमला खालून घट्ट धरलेलं असतं. वाकायला फक्त वरचा तुकडा उरतो. कॉलमची मोकळी उंची निम्मी झाली की त्याचा ताठपणा दुप्पट नाही, आठपट होतो. उंचीचा घन येतो, सूत्र आठवा. शेजारचा पूर्ण उंचीचा कॉलम आरामात वाकतो आणि हा आखूड बिचारा आठपट जोर स्वतःकडे ओढून घेतो. मग त्यावर इंग्रजी एक्ससारखी तिरपी चीर पडते. उपाय फार साधा आहे, भिंत आणि कॉलममध्ये थोडी फट ठेवायची. पण ती नकाशात दाखवावी लागते. प्लॅस्टर झाल्यावर आठवून उपयोग नाही.

आता मामाचं घर. १९९३ नंतर मामांनी पत्र्याच्या दोन खोल्या बांधल्या आणि तीस वर्षं त्यातच काढली. जुन्या घराची एक दगडी खोली उरली आहे, तिच्यात कडबा आणि अवजारं. आजी तिच्यात पाऊल ठेवत नाही. मागच्या वर्षी गावातला रस्ता रुंद झाला, समोर एस.टी. थांबू लागली आणि मामांच्या मनात आलं की रस्त्याकडेला दुकानं काढावीत, वर दोन मजले घर. प्लॉट तीस फूट रुंद. नकाशा काढला माझ्या मावसभावाने. दादा आर्किटेक्ट आहे, लातूरला त्याचं छोटं ऑफिस आहे.

सुट्टीत गेले तेव्हा नकाशा चटईवर पसरलेला होता. समोर नऊ-नऊ फुटांची तीन शटर. मागे गच्च विटांची भिंत. वरचे मजले रस्त्यावर चार फूट पुढे, आणि त्या पुढच्या कडेवर कॉलम. जिना मागच्या नैऋत्य कोपऱ्यात, कारण वास्तुशास्त्रवाल्याने जड ते नैऋत्येला असं सांगितलं होतं. पाण्याची टाकीही तिथेच वर. मी बघतच राहिले. अख्खा सिलॅबस एका कागदावर.

‘दादा, हा कॉलम खाली कुठे जातो?’

‘बीमवर.’

‘आणि बीम?’

दादा हसला. ‘मामांना वर जागा पाहिजे आणि खाली तीन दुकानं पाहिजेत. तू काढून दाखव.’

मी भूजचं, अहमदाबादचं सगळं सांगितलं. दरवाजा आणि बिजागरी सांगितली. मामा ऐकत होते. मग म्हणाले, ‘अगं पोरी, हे काय बोलायलीस? हे सिमेंटचं हाय. दगडाचं एकसुद्धा नाही मी लावणार. दगडानं नेलं तुझ्या आजोबाला.’

यावर काय बोलणार? त्यांच्या हिशेबात दगड म्हणजे मरण आणि सिमेंट म्हणजे सुटका. त्या भागात अनेकांचा हाच हिशेब आहे. दगड दोषी नव्हता, जोडणी दोषी होती, हे मी वर इतक्या सहज लिहिलं, पण ज्या माणसाने बावीस वर्षांचा असताना हाताने तो ढिगारा उपसला त्याच्यासमोर ते वाक्य तोंडातून बाहेर पडेना.

दादाने नकाशा गुंडाळला आणि आम्ही दोघं ओट्यावर जाऊन बसलो. तिथे मला पहिल्यांदा कळलं की आर्किटेक्ट नेमकं काय करतो. मी हे चूक, ते चूक सांगत होते. तो दर वेळी विचारायचा, ‘मग काय देऊ?’ दुकान बंद करू शकत नाही, कारण कर्जाचा हप्ता दुकानाच्या भाड्यातून जाणार आहे. जिना मध्ये आणला तर वरच्या खोल्या तुटतात. त्याने कागदाच्या मागे अकरा वेळा तोच तीस फुटांचा चौकोन काढला. इंजिनिअरिंगच्या गणिताला एक उत्तर असतं. इथे प्रत्येक उत्तरात कोणाचं तरी काहीतरी जात होतं.

शेवटी त्याने हे केलं. समोरच्या दोन्ही टोकांना चार-चार फूट लांबीच्या काँक्रीटच्या भिंती, पायापासून थेट गच्चीपर्यंत. मागच्या बाजूलाही तशाच दोन, म्हणजे पुढे-मागे ताठपणा सारखा आणि बिजागरी मोडली. मधल्या बावीस फुटांत दोनच शटर बसली, तिसरं गेलं. पुढे काढलेला भाग चार फुटांवरून तीन फुटांवर आला आणि त्यावर खोली नाही, नुसती गॅलरी. सगळे कॉलम खाली जमिनीपर्यंत सरळ. जिना मागेच, पण कोपऱ्यातून मध्यावर. टाकी एका मोठीऐवजी दोन छोट्या, दोन बाजूंना. मग तो कागद घेऊन लातूरच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे आम्ही दोघं गेलो. सरांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, ‘हे आधीच करून आणलंत, माझं निम्मं काम झालं.’ काळी माती आहे म्हणून मुरूम लागेपर्यंत खोल जा, एवढं त्यांनी वर सांगितलं आणि सळयांचा हिशेब ठेवून घेतला.

अवघड भाग पुढेच होता. तिसरं दुकान मेडिकलवाल्याला द्यायचं ठरलं होतं, महिना चार हजार. मामा दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. वास्तुशास्त्रवाल्यालाही जिना सरकलेला आवडला नाही. दादाने त्याच्याशी वाद घातला नाही, गच्चीवरच्या दोन टाक्यांपैकी नैऋत्येची थोडी मोठी दाखवली. (ती खरं तर पन्नास लिटरने मोठी आहे. चालतं.) शेवटी आजी मध्ये पडली. तिला शिअर वॉल वगैरे काही कळलं नसावं. तिने दादाला एवढंच विचारलं, ‘रातच्याला हललं तर दार उघडंल का रे?’ भूकंपात चौकट वाकून दार अडकतं, हे तिला पुस्तकातून कळलेलं नव्हतं. दादा म्हणाला, ‘उघडेल आजी. चौकटीभोवती पट्टा आहे.’ ती मामाकडे वळली आणि म्हणाली, ‘मग दोनच दुकानं कर.’

काम या डिसेंबरात सुरू झालं. मी सबमिशन संपवून चार दिवस जाऊन आले. कॉलमच्या रिंगांची टोकं नव्वद अंशात वाकवलेली दिसली. कोडप्रमाणे एकशे पस्तीस हवीत, आत वळलेली, नाहीतर हिसका बसला की रिंग उघडते. मिस्त्रींना म्हटलं, ‘काका, हे हूक आत घ्यायचे ना?’ ते म्हणाले, ‘ताई, तीस वर्षं असंच करतोय.’ मी दादाला फोन लावला. दादा दुपारच्या एस.टी.ने आला, मिस्त्रींबरोबर चहा प्यायला, एक रिंग हातात घेऊन स्वतः वाकवून दाखवली आणि उरलेल्या वाकवायचे जादा पैसे खिशातून दिले. दुसऱ्या दिवशी सगळी टोकं आत होती.

निघताना मामा मला जुन्या दगडी खोलीकडे घेऊन गेले. कडबा बाजूला केला आणि भिंतीवर हात ठेवून विचारलं, ‘ह्याला काही करता येतं का गं, का पाडूच?’ किल्लारीनंतर अशा भिंतींमध्ये आरपार भोक पाडून, सळई घालून, काँक्रीट भरायची पद्धत वापरली गेली होती. छताची माती काढून हलकं करता येतं, वरून पट्टाही देता येतो. मी एवढं सांगितलं. ते म्हणाले, ‘दादाला बोलव एकदा मोजायला.’